वळणावरच्या शेताला तार किती लागेल?
वर्तुळाच्या भागाची परिमिती काढण्याची सोपी रीत

चौकोनी शेताला कुंपण घालावयाचे असेल तर तारेचा हिशेब कोणीही करतो. चार बाजू मोजावयाच्या, बेरीज करावयाची आणि जितके पदर ओढावयाचे तितक्याने गुणावयाचे. परंतु शेताची एखादी बाजू रस्त्याच्या, ओढ्याच्या किंवा कालव्याच्या वळणाने गोलाकार झाली असेल, तर हिशेब अडतो. अशा वेळी बहुतेक जण टेप दोन टोकांना सरळ ताणून मोकळे होतात. मग तार कमी पडते, खांब कमी पडतात आणि निम्मे झालेले काम पुन्हा बाजारात जाऊन येईपर्यंत थांबते.

ही चूक अशिक्षित माणूसच करतो असे समजू नये. मी स्वतः ती केलेली आहे. पुणे-आळंदी रस्त्यावरील दिघी परिसरात एका शेतकऱ्याच्या भाजीपाल्याच्या शेतास भेट देण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला. रस्त्याचे वळण शेताच्या पुढच्या बाजूने आत शिरले होते. शेताच्या दोन्ही कडा ४० मीटर आणि मागची बाजू ६० मीटर होती. पुढच्या बाजूची दोन टोकेही एकमेकांपासून ६० मीटरवर होती. मी तेथेच तोंडी हिशेब केला. एकूण २०० मीटर, चार पदर, म्हणून ८०० मीटर काटेरी तार. पंधरा दिवसांनी ते गृहस्थ भेटले तेव्हा म्हणाले, "सर, तुमच्या हिशेबाने तार आणली, पण शेवटचा पदर काही पुरला नाही." वरून खाली ओढत आणलेला सर्वात खालचा पदर वळणापाशीच संपला होता. तेवढ्या फटीतून मोकाट शेळ्या आत शिरल्या आणि मेथीचे दोन वाफे साफ करून गेल्या. ते गृहस्थ मला काही बोलले नाहीत. परंतु वर्गात विद्यार्थ्यांना परिमिती शिकविणाऱ्या माणसाने वळण सरळ धरावे, ही गोष्ट मनाला लागली. त्या चुकीतूनच हा पाठ तयार झाला आहे.

पिंपरी-चिंचवड, दिघी, मोशी, चाकण या पट्ट्यात असे प्रसंग आता नेहमीचे झाले आहेत. रस्ते रुंद होतात, नवे चौक होतात, वळणांना गोलाई दिली जाते आणि पूर्वी काटकोनात असलेली शेते व मोकळ्या जागा एका बाजूने गोल होतात. जमीन उरते थोडी. त्या थोड्या जमिनीला कुंपण मात्र अधिक लागते. असे का होते आणि ते आधीच कसे मोजावे, हे आपण क्रमाने पाहू.

१. कामापुरते शब्द

शाळेत शिकलेले काही शब्द पुन्हा आठवावेत. जमिनीत एक खुंटी ठोकून तिला दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाने फक्कीची रेघ ओढत फिरलो, तर वर्तुळ तयार होते. खुंटी हे केंद्र. दोरीची लांबी ही त्रिज्या. त्रिज्येची दुप्पट म्हणजे व्यास. पूर्ण फेरीच्या रेघेची लांबी म्हणजे परीघ.

या परिघाचा एखादा तुकडा घेतला तर त्यास कंस म्हणतात. कंसाची दोन टोके सुतळीने सरळ जोडली की ती सुतळी म्हणजे जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचे काटकोनातील अंतर म्हणजे शर. ताणलेले धनुष्य डोळ्यांपुढे आणावे. धनुष्याचा वाकलेला दांडा हा कंस, दोरी ही जीवा आणि दोरीच्या मध्यावर लावलेला बाण हा शर.

वर्तुळाचे भाग दोन प्रकारे पडतात. भाकरीचा केंद्रापासून तोडलेला चतकोर जसा दिसतो, तशा भागास वर्तुळपाकळी म्हणतात. त्याला दोन सरळ बाजू आणि एक गोल बाजू असते. दुसरा प्रकार म्हणजे भाकरीची कड एका सरळ रेघेत कापली तर मिळणारा तुकडा. तो वर्तुळखंड. त्याला एक सरळ आणि एक गोल बाजू असते. हा फरक लक्षात असला म्हणजे कोणत्या बाजू मिळवावयाच्या याचा घोटाळा होत नाही.

२. आधी पूर्ण वर्तुळ

पूर्ण वर्तुळाचा परीघ काढण्यासाठी व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागावे. विहिरीच्या कठड्याचा बाहेरील व्यास ७ मीटर असेल तर बाहेरील परीघ २२ मीटर येतो. व्यास १० मीटर असेल तर २२० भागिले ७, म्हणजे सुमारे ३१.४ मीटर. शेतीच्या कामास २२/७ हे प्रमाण पुरेसे आहे. यातील चूक शंभर मीटरमागे अर्ध्या वितीइतकीही नाही.

हे प्रमाण आपल्याकडे जुने आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावती या ग्रंथात व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म कामासाठी ३९२७/१२५० अशी दोन प्रमाणे दिली आहेत. व्यवहारात चालेल इतकी अचूकता आणि खरी अचूकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

३. अर्धे आणि पाव वर्तुळ : चूक येथेच होते

समजा, १४ मीटर त्रिज्येची एक गोल जागा आहे. तिचा व्यास २८ मीटर आणि परीघ ८८ मीटर. आता विचारले की अर्ध्या भागाला किती कुंपण लागेल, तर चटकन उत्तर येते, ४४ मीटर. हे उत्तर चुकीचे आहे. ४४ मीटर ही फक्त गोल बाजू झाली. अर्धा भाग बंद करावयाचा तर मधली सरळ बाजूही बंद करावी लागते आणि ती २८ मीटर आहे. म्हणून ४४ अधिक २८ मिळून ७२ मीटर तार लागेल.

निरनिराळ्या भागांचा हिशेब पुढीलप्रमाणे येतो. सर्व मापे त्रिज्या १४ मीटर धरून दिली आहेत.

पूर्ण वर्तुळ : गोल बाजू ८८, सरळ बाजू नाही, एकूण ८८ मीटर. क्षेत्र ६१६ चौरस मीटर.
पाऊण वर्तुळ : गोल बाजू ६६, सरळ बाजू २८, एकूण ९४ मीटर. क्षेत्र ४६२ चौरस मीटर.
अर्धे वर्तुळ : गोल बाजू ४४, सरळ बाजू २८, एकूण ७२ मीटर. क्षेत्र ३०८ चौरस मीटर.
पाव वर्तुळ : गोल बाजू २२, सरळ बाजू २८, एकूण ५० मीटर. क्षेत्र १५४ चौरस मीटर.

हे आकडे नीट पाहावेत. पाव भागात जमीन पावच आहे, पण कुंपण मात्र पूर्ण वर्तुळाच्या निम्म्याहून अधिक लागते. पाऊण भागाला तर पूर्ण वर्तुळापेक्षाही ६ मीटर जास्त तार लागते. जमीन घटली म्हणून कुंपण त्याच प्रमाणात घटेल, ही समजूत येथे खोटी ठरते.

वाटणीच्या वेळी याचा फार उपयोग आहे. वरील जागेचे चार भावांनी चार पाव भाग केले आणि प्रत्येकाने आपापले स्वतंत्र कुंपण घातले, तर एका पदराला चार वेळा ५०, म्हणजे २०० मीटर तार लागेल. मधल्या चार सरळ बाजू सामाईक ठेवल्या तर ८८ अधिक ५६, म्हणजे १४४ मीटर पुरेल. एका पदरामागे ५६ मीटर तार आणि तेवढ्या अंतराचे खांब वाचतात. हा हिशेब कुंपण घालण्यापूर्वी एकत्र बसून केला तर पैसा वाचतो.

४. केंद्र आणि कोन माहीत असेल तर

पाकळीचा कोन माहीत असल्यास कंस काढणे सोपे आहे. पूर्ण फेरी ३६० अंशांची असते. म्हणून पाकळीचा कोन ३६० चा कितवा भाग आहे ते पाहावे आणि परिघाचा तितकाच भाग घ्यावा. त्यात त्रिज्येची दुप्पट मिळवावी, म्हणजे पाकळीची पूर्ण परिमिती मिळते.

उदाहरणार्थ, मध्यभागी पाण्याचा हौद ठेवून शेळ्यांसाठी गोल आवार करावयाचे आहे आणि त्याचे सारखे सहा कप्पे पाडावयाचे आहेत, म्हणजे सर्व कप्प्यांतील शेळ्या एकाच हौदावर पाणी पितील. आवाराची त्रिज्या १०.५ मीटर आहे. पूर्ण परीघ ६६ मीटर. प्रत्येक कप्प्याचा कोन ६० अंश, म्हणून कंस ६६ चा सहावा भाग, म्हणजे ११ मीटर. दोन सरळ बाजू मिळून २१ मीटर. एका कप्प्याची परिमिती ३२ मीटर झाली. मात्र सहा कप्प्यांना सहा वेळा ३२, म्हणजे १९२ मीटर जाळी आणू नये. मधल्या भिंती सामाईक आहेत. बाहेरचा घेर ६६ आणि आतील सहा आडोसे मिळून ६३, अशी १२९ मीटर जाळी पुरते. हौदाच्या जागेपुरती ती थोडी कमीच लागेल.

शेतात कोन मोजण्याचे यंत्र नसते. त्यासाठी दोन खुणा पुरेशा आहेत. परिघावरील दोन खुंट्यांमधील सरळ अंतर त्रिज्येइतके असेल तर केंद्राशी होणारा कोन बरोबर ६० अंशांचा असतो. म्हणून त्रिज्येच्याच दोरीने परिघावर खुणा करीत गेल्यास सहाव्या खुणेला आपण सुरुवातीच्या खुंटीशी येतो. काटकोन आखावयाचा असेल तर दोरीवर सारख्या अंतराने १२ भाग पाडून ३, ४ आणि ५ भागांचा त्रिकोण ताणावा. ३ आणि ४ भागांच्या बाजू जेथे मिळतात तेथे काटकोन होतो. गवंडी पाया आखताना हेच करतात.

५. केंद्र सापडत नसेल तर

दिघीच्या शेतात माझी खरी अडचण येथे होती. रस्त्याच्या वळणाचे केंद्र कोठे आहे हे कोणास ठाऊक असणार? ते दुसऱ्याच्या आवारात असते किंवा एखाद्या इमारतीखाली असते. अशा वेळी जीवा आणि शर ही दोनच मापे घ्यावीत. ती आपल्या बांधावर उभे राहून घेता येतात.

मापे घेण्याची रीत :

(अ) सरळ बाजू संपून गोलाई जेथे सुरू होते तेथे एक आणि गोलाई जेथे संपते तेथे दुसरी खुंटी ठोकावी. दोन्हींमध्ये सुतळी ताठ ताणून तिची लांबी मोजावी. ही जीवा.

(आ) सुतळी सोडून मधोमध दुमडावी व मध्यावर खूण करून पुन्हा ताणावी. खुणेपासून काटकोनात वळणापर्यंतचे अंतर मोजावे. हा शर.

(इ) वळण खरोखर वर्तुळाचा भाग आहे की नाही याची परीक्षा करावी. जीवेच्या पाव अंतरावर आणि पाऊण अंतरावरही वळणापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आणि शराच्या पाऊणपटीच्या जवळपास, किंचित जास्त, आली तर वळण गोल आहे असे समजावे. तसे नसेल तर वळणाचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाची जीवा व शर वेगळी घ्यावी. ओढ्याकाठच्या वेड्यावाकड्या बांधास हीच रीत लावावी.

(ई) वळण जर शेतातून आत शिरलेले असेल तर जीवेची सुतळी रस्त्याच्या बाजूने जाईल. रहदारी पाहूनच आणि दोघांच्या मदतीने माप घ्यावे. ते शक्य नसेल तर वळणाच्या आतल्या बाजूस जीवेला समांतर सुतळी लावावी आणि तिच्यापासूनची अंतरे वजा करून शर काढावा.

आता कंसाची लांबी. मध्यखुणेसमोर वळणावर एक तिसरी खुंटी ठोकावी. पहिल्या खुंटीपासून या तिसऱ्या खुंटीपर्यंतचे सरळ अंतर मोजावे. यास आपण अर्धजोड म्हणू. मग पुढील नियम वापरावा.

अर्धजोडाची आठपट करावी, त्यातून जीवा वजा करावी आणि उरलेल्यास ३ ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे कंसाची लांबी.

हा नियम हॉलंडमधील गणिती ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्तुळावरील ग्रंथातून आला आहे. त्यात कोन नको, केंद्र नको, वर्गमूळही नको. तीन सरळ मापे आणि साधी वजाबाकी-भागाकार एवढ्यावर काम होते. म्हणून शेतावर तो सर्वांत सोयीचा आहे.

अर्धजोड मोजता येत नसेल, मध्ये उभे पीक किंवा चर असेल, तर दुसरा नियम आहे. शराचा वर्ग करून त्यास १६ ने गुणावे व ३ ने भागावे. त्यात जीवेचा वर्ग मिळवावा आणि बेरजेचे वर्गमूळ काढावे. मोबाईलमधील गणकयंत्रावर वर्गमूळ लगेच मिळते. हा नियम केरळचे गणिती नीलकंठ सोमयाजी यांनी आर्यभटीयावरील आपल्या भाष्यात दिला आहे. त्यांनी तो अर्ध्या जीवेच्या भाषेत मांडला, आपण तो पूर्ण जीवेसाठी लिहिला एवढाच फरक.

त्रिज्याही हवी असेल तर लीलावतीतील रीत वापरावी. अर्ध्या जीवेचा वर्ग करून त्यास शराने भागावे व भागाकारात शर मिळवावा. येणारा आकडा म्हणजे त्या वर्तुळाचा व्यास. भास्कराचार्यांचा वारसा आपल्या महाराष्ट्रातच जपला गेला. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता आणि त्याची नोंद असलेला शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जाणाऱ्यांनी ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

६. दिघीच्या शेताचा खरा हिशेब

आता पुन्हा त्या शेताकडे येऊ. दुसऱ्या भेटीत आम्ही दोघांनी मिळून वळण मोजले. जीवा ६० मीटर. शर १० मीटर. अर्धजोड ३१.६ मीटर.

हायगेन्स यांच्या नियमाने : ३१.६ च्या आठपट २५२.८. त्यातून ६० वजा जाता १९२.८. त्यास ३ ने भागून ६४.३ मीटर.

दुसऱ्या नियमाने : शराचा वर्ग १००. त्याला १६ ने गुणून ३ ने भागता ५३३. जीवेचा वर्ग ३६००. बेरीज ४१३३. वर्गमूळ ६४.३ मीटर.

दोन्ही उत्तरे जुळली. लीलावतीच्या रीतीने व्यास : ३० चा वर्ग ९००, भागिले १०, म्हणजे ९०. त्यात १० मिळवून १००. म्हणजे त्रिज्या ५० मीटर.

शेताची खरी परिमिती ६० अधिक ४० अधिक ४० अधिक ६४.३, म्हणजे २०४.३ मीटर आली. चार पदरांना सुमारे ८१७ मीटर तार लागते. मी ८०० सांगितली होती. १७ मीटर तर वळणानेच खाल्ली. खांबांना दिलेले वेढे आणि जोड यांची तार मी धरलीच नव्हती.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. वळणामुळे गेलेल्या जमिनीचा अंदाज घेण्यासाठी जीवेला शराने गुणून त्याचे दोन तृतीयांश घ्यावेत. येथे ६० गुणिले १० म्हणजे ६००, त्याचे दोन तृतीयांश ४०० चौरस मीटर. बारकाईने काढल्यास ४०९ येते. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर धरल्यास सुमारे चार गुंठे झाले. पुढची बाजू सरळ असती तर शेत पावणेचोवीस गुंठ्यांचे होते. वळण आत आल्यामुळे ते पावणेवीस गुंठ्यांचे राहिले आणि तरीही कुंपण चार मीटरने वाढले. जमीन कमी आणि खर्च जास्त, असा हा दुहेरी फटका आहे.

म्हणून ज्यांच्या जमिनीची कड रस्त्यात जाणार आहे त्यांनी जीवा व शर मोजून आपला अंदाज आधीच काढून ठेवावा. भूमी अभिलेख खात्याची मोजणी हीच अधिकृत असते, हे खरे. परंतु आपल्या हाती स्वतःचा आकडा असेल तर नकाशातील आकडा समजून घेता येतो आणि फरक दिसल्यास वेळेवर विचारता येते. न मोजणारा मनुष्य फक्त सही करतो.

७. कुंपणाखेरीज इतर उपयोग

प्रत्येक वेळी सरळ बाजू मिळवावयाचीच असते असे नाही. काम कोणते आहे ते पाहावे.

अर्धचंद्राकृती आळे : उताराच्या हलक्या जमिनीत आंबा, सीताफळ, आवळा यांच्या रोपांना उताराच्या खालच्या बाजूने अर्धगोल बांध घालतात. वरची बाजू पाणी येण्यासाठी उघडी ठेवतात. येथे फक्त कंस मोजावा, व्यास मिळवू नये. आळ्याचा व्यास ४ मीटर असेल तर बांधाची लांबी ६.३ मीटर होईल. १०० झाडांना ६३० मीटर बांध घालावा लागेल. मजुरी ठरविताना हा आकडा उपयोगी पडतो.

रोपवाटिकेचा बुटका बोगदा : १ मीटर रुंदीच्या गादीवाफ्यावर अर्धगोल कमानी लावून आच्छादन करावयाचे असेल तर कमानीचा कंस १.५७ मीटर येतो. दोन्ही टोके जमिनीत २५ सेंटिमीटर गाडावयाची असल्यास प्रत्येक तुकडा २.०७ मीटरचा कापावा. कमान अर्धगोलापेक्षा चपटी, म्हणजे ४० सेंटिमीटर उंचीची ठेवली तर जीवा १ मीटर व शर ०.४ मीटर धरून हिशेब करावा. अर्धजोड ०.६४ मीटर. आठपट ५.१२, वजा १, भागिले ३, म्हणजे १.३७ मीटर. गाडावयाची लांबी यात वेगळी मिळवावी. शंभर कमानींमागे वीस मीटर सळई वाचते. मावळात फुलांची हरितगृहे उभारणारे कारागीर कमानीचा पाइप कापण्यापूर्वी असाच हिशेब करतात.

एक सूचना येथे आवश्यक आहे. वळण जितके खोल तितकी या नियमांतील चूक वाढते. पूर्ण अर्धवर्तुळास हायगेन्स यांच्या नियमाने उत्तर शेकडा सव्वा भागाने कमी येते आणि दुसऱ्या नियमाने शेकडा पावणेतीन भागाने कमी येते. शर हा जीवेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठा असेल तर वळणाचे दोन भाग करून प्रत्येक भाग वेगळा मोजावा. अर्धवर्तुळ असल्यास हे नियम सोडून सरळ २२/७ ची रीत वापरावी.

८. तार आणण्यापूर्वी

(अ) सर्व मापे एकाच परिमाणात घ्यावीत. एक बाजू फुटांत आणि दुसरी मीटरमध्ये घेऊन बेरीज करू नये.

(आ) आधी कागदावर आकृती काढावी. ज्या ज्या बाजूवर तार जाणार आहे त्या त्या बाजूवर खूण करावी. खूण केलेल्या बाजूंचीच बेरीज करावी. फाटकाची रुंदी वजा करावी.

(इ) बेरजेस पदरांच्या संख्येने गुणल्यानंतर वेढे, जोड आणि ताण यांसाठी शेकडा ५ भाग जादा धरावा. दिघीच्या शेतास या हिशेबाने ८५८ मीटर तार आणावयास हवी होती.

(ई) खांबांची संख्या काढताना प्रत्येक बाजू वेगळी भागावी. ३ मीटर अंतर धरल्यास ६० मीटरला २०, ४० मीटरच्या दोन बाजूंना प्रत्येकी १४ आणि वळणास २२ गाळे होतात. चारही बाजूंनी बंद कुंपणात जितके गाळे तितकेच खांब लागतात, म्हणून एकूण ७०. एकच उघडी ओळ असेल तर गाळ्यांपेक्षा एक खांब जास्त लागतो.

(उ) तार दोन खांबांमध्ये सरळच जाते, ती गोल होत नाही. मोठ्या वळणावर याने फरक पडत नाही. परंतु ३ मीटर त्रिज्येच्या लहान गोलावर ३ मीटरवर खांब लावले तर गोलाऐवजी षट्कोन तयार होतो आणि कडेची जागा जाते. लहान गोलाईवर खांब जवळ लावावेत.

(ऊ) वळणावर ताणलेली तार खांबांना गोलाच्या आतल्या बाजूस, म्हणजे केंद्राकडे ओढते. म्हणून तेथील खांब खोल गाडावेत, केंद्राकडील बाजूने तिरपा टेका द्यावा आणि तार खांबाच्या केंद्राविरुद्ध बाजूस बांधावी. असे केल्यास ताणाने तार खांबावर दाबली जाते, बंध निसटत नाहीत.

९. स्वाध्याय

पुढील उदाहरणे घरी मुलांसह सोडवावीत. उत्तरे शेवटी दिली आहेत.

पहिले : २८ मीटर व्यासाच्या अर्धगोल जागेस तीन पदरी तार घालावयाची आहे. जादा भाग न धरता किती तार लागेल?

दुसरे : कालव्याच्या वळणाची जीवा २४ मीटर, शर ५ मीटर आणि अर्धजोड १३ मीटर आहे. वळणाची लांबी व त्रिज्या काढा.

तिसरे : ७ मीटर त्रिज्येच्या गोल आवाराचे सारखे आठ कप्पे करावयाचे आहेत. आडोसे सामाईक ठेवल्यास किती जाळी लागेल? प्रत्येक कप्पा स्वतंत्र केल्यास किती?

उत्तरे : पहिले, २१६ मीटर. दुसरे, लांबी २६.७ मीटर व त्रिज्या १६.९ मीटर. तिसरे, सामाईक आडोशांस १०० मीटर, स्वतंत्र कप्प्यांस १५६ मीटर.

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पाठात अवघड असे काही नाही. वर्तुळाच्या भागाची परिमिती म्हणजे गोल बाजू अधिक सरळ बाजू, एवढेच सूत्र आहे. गोल बाजू सरळ धरू नये आणि सरळ बाजू विसरू नये. दिघीच्या त्या शेतात नंतर उरलेली तार आणून खालचा पदर पूर्ण झाला आणि मेथीही पुन्हा पेरली गेली. परंतु एक सुतळी, तीन खुंट्या आणि पाव तासाचा वेळ आधीच दिला असता तर दोन वाफे वाचले असते. आपल्या शेताला वळण असेल तर येत्या हंगामापूर्वी ते एकदा अवश्य मोजून ठेवावे.